पिकअप पुढून २ इंच उचलायचीय, कुठली पद्धत खरंच सेफ आहे?

चिखलवाट

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज विचारतोच. गाडी फोर बाय फोर पिकअप, पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन म्हणजे कॉइलच्या आत शॉक, वर अप्पर आर्म, खाली लोअर आर्म, आणि मागे पाटे. रिकामी उभी असली की नाक खाली, मागची बाजू वर, आणि खड्ड्यातून वर चढताना पुढचा बंपर टेकतो. म्हणून फक्त पुढून २ इंच वर घ्यायचीय, जमलं तर नंतर थोडे मोठे टायर.

आता गंमत अशी की जितक्या लोकांना विचारलं तितकी उत्तरं. गॅरेजवाला म्हणतो स्ट्रटच्या (म्हणजे ती कॉइल आणि शॉकची जोडी) डोक्यावर स्पेसर टाकतो, अर्ध्या दिवसात गाडी घेऊन जा. एक मित्र म्हणतो तो स्पेसर नको, स्प्रिंगच्या वर आतून बसतो तो घे. दुसरा म्हणतो बॉडी लिफ्ट कर, म्हणजे चासीवरून फक्त बॉडी उचल, सस्पेन्शनला हातच नको लावू. आणि व्हिडिओ बघायला बसलं की ८ इंचाच्या खाली कोणी बोलतच नाही. मला शोबाजी करायची नाहीये, मागच्या सीटवर घरचे बसलेले असतात आणि हायवेलाही गाडी बऱ्यापैकी पळते, त्यामुळे दिसायला कशी यापेक्षा काय तुटू शकतं आणि कधी, हे कळलं तर बरं होईल.

डिझेलवास

टॉप स्पेसर टाका आणि विषय संपवा. माझ्या गाडीला आहे, अजून काही झालं नाही. लोक उगाच घाबरवतात.

पाना१९

वरच्या भाऊंच्या गाडीला काही झालं नसेल, मान्य, पण "काही झालं नाही" म्हणजे नक्की काय बघितलंय ते सांगा. गाडी जॅकवर घेऊन चाकं पूर्ण लटकवून अप्पर आर्म आणि स्प्रिंगमध्ये किती गॅप उरलाय तो पाहिलाय का? बहुतेक जण उभ्या गाडीचा फोटो काढतात, पण प्रॉब्लेम उभ्या गाडीत नसतोच, चाक जेव्हा हवेत खाली लोंबतं तेव्हा असतो.

चिखलवाट, आधी एक हिशोब डोक्यात ठेवा. स्ट्रट खाली लोअर आर्मला साधारण मधोमध धरलेला असतो, त्यामुळे स्ट्रटच्या जागी १ इंच वाढवला की चाकाच्या जागी जवळपास २ इंच मिळतात. म्हणजे तुम्हाला २ इंच हवे तर स्पेसर जेमतेम १ इंचाचा लागतो, आणि कोणी २ इंच जाडीचा तुकडा हातात देऊन "हा २ इंचाचा लिफ्ट" म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

आता टॉप स्पेसर म्हणजे स्ट्रट आहे तसाच, फक्त त्याच्या डोक्यावर आणि चासीच्या मध्ये चकती. स्प्रिंग तीच, राइड तीच, म्हणून लोक खूश. पण अख्खा स्ट्रट खाली सरकला, म्हणजे चाक पूर्ण लोंबलं की कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा २ इंच जास्त खाली जाणार. तिथे तीन गोष्टी एकदम ताणल्या जातात. अप्पर बॉल जॉइंटची (अप्पर आर्मला चाकाच्या बाजूशी जोडणारा गोल सांधा) खुंटी सॉकेटच्या काठाला जाऊन अडकते, अप्पर आर्म स्प्रिंगला घासतो, आणि ड्राइव्ह शाफ्टचा (चाकाला ताकद पोचवणारा दांडा) आतला जॉइंट त्याच्या अँगलच्या टोकाला जातो. यातलं सगळ्यात वाईट बॉल जॉइंटचं, कारण शाफ्ट तुटला तर गाडी थांबते पण बॉल जॉइंट सुटला तर चाक आडवं होतं. आणि ते एका दणक्यात होत नाही, खुंटी दर उडीला काठावर आपटून आपटून कमकुवत होते आणि मग एक दिवस साध्या वळणावर सुटते.

दुसऱ्या टोकालाही लोचा आहे. चाक पूर्ण वर दाबलं जातं तेव्हा आधी चासीचा बंप स्टॉप (दणका झेलणारा रबरी ठोकळा) लागायचा आणि शॉकमध्ये थोडी जागा शिल्लक राहायची. आता बंप स्टॉप जिथल्या तिथे पण शॉक १ इंच खाली आलाय, त्यामुळे बंप स्टॉप पूर्ण दबायच्या आधी शॉकच आतून बसतो. अख्खा दणका शॉकच्या दांड्यावर आणि वरच्या माउंटवर.

हे सगळं म्हणजे टॉप स्पेसर टाकला की मरणारच असं नाही. १ इंच उचल, बहुतेक डांबरी रस्ता, तर कित्येक गाड्या वर्षानुवर्षं चालतात. पण तुम्हाला खड्ड्यातून चढायचंय म्हणता, म्हणजे चाक लोंबणार हे ठरलेलंच.

चिखलवाट

बापरे, एवढं कोणीच सांगितलं नव्हतं, धन्यवाद दादा. मग मित्र म्हणतो तो आतला स्पेसर बरा का? म्हणजे स्प्रिंगच्या वर बसणारा. त्यात स्ट्रटची लांबी बदलत नाही ना?

पाना१९

बरोबर, लांबी बदलत नाही, म्हणून बॉल जॉइंट आणि शाफ्टच्या दृष्टीने तो खरंच जास्त सेफ. चाक कंपनीच्या मर्यादेखाली जाऊच शकत नाही. पण उंची फुकट मिळत नाही, इथे ती खाली जायच्या ट्रॅव्हलमधून (चाकाच्या वरखाली हालचालीतून) कापलेली असते. समजा मूळ गाडीत उभ्या अवस्थेतून चाक साडेतीन इंच खाली लोंबत होतं, तर आता दीडच इंच उरलं. स्पीड ब्रेकर उतरताना किंवा खड्ड्याची कड ओलांडताना शॉक पूर्ण उघडून आतून "टक" असा आवाज येतो, तो हाच. रोज येत असेल तर शॉकचं आयुष्य संपलं समजा, शिवाय चाक जमिनीवरून लवकर उचललं जातं, ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना ते नको असतं. वरच्या टोकाला स्प्रिंगही जास्त दबते, जाड तारेची स्प्रिंग असेल तर वेटोळी एकमेकांना टेकेपर्यंत.

आणि एक गोष्ट यात किटच्या डब्यावर लिहिलेली असते पण कोणी वाचत नाही. हा स्पेसर टाकायला स्ट्रट उघडावा लागतो. पुढच्या एका चाकावर ५०० किलो भार असेल तर आर्मच्या लिव्हरेजमुळे स्प्रिंगवर त्याच्या जवळपास दुप्पट दाब असतो. स्ट्रट गाडीतून काढल्यावरही त्यातला बराच दाब आत कोंडलेला असतो, आणि तो फक्त मधल्या एका नटने धरलेला असतो. तो नट स्प्रिंग कंप्रेसर न लावता सोडला तर वरची प्लेट तोंडावर येते. अंगणात दोन हुक वाले स्वस्त कंप्रेसर लावून हे करू नका, ते वेटोळ्यावरून घसरतात. भिंतीला किंवा स्टँडला पक्का बसवलेला कंप्रेसर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडूनच करून घ्या.

आणि काहीही करा पण आतला स्पेसर अधिक वरचा स्पेसर असं एकावर एक कधीच नाही. हे करणारे भरपूर आहेत.

जुनंइंजिन

चिखलवाट यांच्या गाडीला कॉइल आहे म्हणून त्यांना लागू नाही, पण हा धागा शोधून इथे येणाऱ्या टॉर्शन बारवाल्यांसाठी (कॉइलऐवजी पीळ घेणारा लोखंडी दांडा) लिहून ठेवतो, कारण आमच्यात समज अशी आहे की बारचा ॲडजस्टिंग बोल्ट पिळला की फुकटात लिफ्ट. पिळा, पण थोडा. बोल्ट पिळल्याने बार कडक होत नाही, फक्त त्याची सुरुवातीची जागा बदलते, आर्म खाली ढकलला जातो. म्हणजे पुन्हा तेच, खाली जायची ट्रॅव्हल खाल्ली. अप्पर आर्मच्या खाली एक रबरी ठोकळा असतो, चाक लोंबलं की आर्म त्याच्यावर बसतो. गाडी चाकांवर उभी असताना त्या ठोकळ्यात आणि आर्ममध्ये बोटभर तरी फट राहिली पाहिजे, फट संपली की गाडी प्रत्येक छोट्या खळग्यात ठोकळ्यावर आपटते आणि लोक म्हणतात टॉर्शन बार "हार्ड" झाला. बार तोच आहे हो, जागाच उरली नाही त्याला. एक-दीड इंचाच्या पुढे जायचा मोह आवरा. वेगळ्या खाचेची 'की' मिळते (बारच्या टोकाला बसणारा, बोल्ट ज्याला दाबतो तो तुकडा), तिने बोल्ट आटोक्यात राहतो पण आर्मचा अँगल तोच बिघडतो, त्यामुळे ती काही जादू नाही.

मोजताना जमिनीपासून मोजू नका, टायरच्या हवेने फरक पडतो, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजा. आणि जॅकवरून उतरवल्या उतरवल्या मोजलंत तर खोटं माप येईल, कारण चाकं आत ओढलेली राहतात. थोडी पुढेमागे चालवा, मग टेप लावा. की काढायची असेल तर तिचा स्वतंत्र पुलर लागतो, हातोडीने सोडवायला गेलात तर ती कुठे उडेल सांगता येत नाही.

डिझेलवास

एवढं असेल तर पुढे सरळ एक्सलवाली गाडी बरी. माझ्या ओळखीत एकाने पुढच्या पाट्यांखाली लोखंडी ब्लॉक टाकून ३ इंच उचलली, मागे कंपनीचेच ब्लॉक असतात तसे, सुसाट चालते.

पाना१९

डिझेलवास भाऊ, ओळखीतल्याला आजच फोन करा. मागे ब्लॉक चालतात, पुढे नाही, यावर माझं काहीही ऐकून मत बदलणार नाही. ब्रेक मारला की गाडीचा जोर पुढच्या चाकांवर येतो आणि एक्सल स्वतःभोवती फिरायला बघतो. पाटा थेट एक्सलवर बसला असेल तर तो तो पीळ धरतो. मध्ये ३ इंचाचा ब्लॉक आला की तो लिव्हरचं काम करतो, पाटा एस आकारात मुरडतो, यू बोल्ट (पाटा आणि एक्सल एकत्र आवळणारे) ढिले होतात आणि ब्लॉक एकदा का सटकला की एक्सल एका बाजूने मागे सरकतो, मग स्टेअरिंग हातात असून उपयोग नाही. पुढून पाट्याची गाडी उचलायची तर जास्त कमानीचे नवे पाटे घ्या, यू बोल्टसकट. लांब शॅकलने (पाट्याचं टोक चासीला टांगणारी पट्टी) पण उंची मिळते, पण शॅकल पाट्याच्या कुठल्या टोकाला आहे त्यानुसार कॅस्टर (स्टेअरिंगच्या अक्षाचा मागे झुकाव) कमी किंवा जास्त होतो, कमी झाला तर गाडी सरळ रस्त्यावर भटकायला लागते.

सरळ एक्सल आणि कॉइलवाल्यांना लांब स्प्रिंग चालतात, पण तिथे पॅनहार्ड रॉड (एक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) आणि ड्रॅग लिंक (स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) दोन्ही एकाच अँगलला राहतील असं बघा. एकाचं ब्रॅकेट बदललं आणि दुसऱ्याचं तसंच ठेवलं तर खड्ड्यात गाडी आपणहून वळते. हँडल थडथडायला लागलं तर स्टेअरिंग डॅम्पर बदलून ते झाकू नका, झिजलेला बुश शोधा.

शंकासूर

मी मेकॅनिक नाही, आकडे बघणारा माणूस आहे, त्यामुळे दुसरी बाजू. बॉल जॉइंट वगैरे ठीक, पण गाडी उलटायचा प्रश्न कोणी काढलाच नाही. त्याचा सोपा हिशोब आहे, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर म्हणजे ट्रॅक भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. समजा ट्रॅक १६० सेमी आणि गुरुत्वमध्य ७५ सेमीवर, तर १६० भागिले १५०, म्हणजे १.०७. फक्त पुढून ५ सेमी उचललं तर मध्य अंदाजे अडीच सेमी वर जातो, आकडा १.०३. मग ३१ इंचाच्या जागी ३३ इंची टायर आले की आणखी अडीच सेमी, आकडा बरोब्बर १.००. हा आकडा म्हणजे कागदावर किती जी (वजनाच्या किती पट) साइड फोर्सला चाक उचललं जाईल, प्रत्यक्षात स्प्रिंग आणि टायर दबतात म्हणून त्याच्या आधीच. फरक लहान दिसतो, पण पिकअप मुळातच या बाबतीत काठावर असते आणि स्टॅबिलिटी कंट्रोलचं गणित कंपनीने मूळ उंचीवर बसवलेलं असतं.

३३ इंची टायरने स्पीडोमीटरही कमी दाखवतो, काटा १०० वर म्हणजे खरे १०६.

आणि अजून एक. मागची बाजू वर असते ती कंपनीने चुकून ठेवलेली नाही, मागे माल भरला की गाडी लेव्हल व्हावी म्हणून असते. तुम्ही रिकाम्या गाडीची लेव्हल केलीत तर माल भरल्यावर नाक आकाशात, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात. माल नेत असाल तर पुढून दीड इंचावर थांबा असं माझं मत. लाइट परत सेट करणं तर हवंच, आणि समोर रडार किंवा कॅमेरा असेल तर त्याचंही कॅलिब्रेशन.

चिखलवाट

शंकासूर, माल फारसा नसतो पण मुद्दा पटला. मोठ्या टायरचा नाद सध्या सोडतो. मग बॉडी लिफ्ट? त्यात सस्पेन्शनचे हे सगळे अँगल बदलतच नाहीत ना?

जुनंइंजिन

बदलत नाहीत, खरंय. पण तुमचं दुखणं काय, बंपर टेकतो. खूप गाड्यांत बंपर चासीला असतो, बॉडीला नाही. बॉडी वर जाईल आणि बंपर तिथेच राहील, वर मध्ये फट दिसेल ती वेगळी. बॉडी लिफ्ट फक्त फेंडर वर नेतो म्हणजे टायरला जागा मिळते, बस. आणि त्यात स्टेअरिंगची शाफ्ट, अर्थच्या वायरी, रेडिएटरच्या पंख्याचं कव्हर, गिअर लिव्हर सगळं ताणलं जातं. बॉडीचे बोल्ट लांब घ्यावे लागतात आणि मध्ये उभे ठोकळे येतात, धडकेत बॉडी चासीवर कशी सरकेल हे कंपनीने त्या ठोकळ्यांसकट तपासलेलं नसतं. १ इंचापर्यंत ठीक म्हणेन, ३ इंची मी माझ्या गाडीला लावणार नाही.

पाना१९

+१. आणि व्हिडिओतले ८ इंचवाले म्हणालात ना, ती ड्रॉप ब्रॅकेटची किट. लोअर आर्म, पुढचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा डबा) सगळंच नव्या क्रॉसमेंबरवर (चासीची आडवी पट्टी) खाली आणतात, नकल म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग उंच येतो, त्यामुळे अँगल जवळपास मूळचेच राहतात. मेकॅनिकली बघितलं तर ती स्पेसरपेक्षा प्रामाणिक पद्धत आहे, फक्त त्यासाठी बहुतेक वेळा चासीचा मूळ क्रॉसमेंबर कापावा लागतो, आणि कापलेलं परत जोडता येत नाही. २ इंचासाठी हे म्हणजे डास मारायला तोफ.

तुमच्यासाठी माझं सरळ मत, तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला पूर्ण स्ट्रट घ्या, म्हणजे शॉक आणि स्प्रिंग एकमेकांशी जुळवलेले, पूर्ण उघडल्यावरची लांबी बनवणाऱ्याने लिहून दिलेली. उंची दीड ते २ इंच. २ इंचाला गेलात तर सोबत अप्पर आर्मही बदला, ज्याचा बॉल जॉइंट नव्या अँगलला बसवलेला असतो आणि कॅस्टर थोडा परत मिळतो. स्पेसरपेक्षा बराच महाग पडतो, खोटं कशाला सांगू. पैसे आत्ता नसतील तर थांबा, किंवा आतला पातळ स्पेसर टाकून १ इंचावर भागवा. डिफरन्शियल खाली आणायचे छोटे स्पेसर मिळतात त्याने शाफ्टचा अँगल जरा कमी होतो, पण दीड इंचाला त्याची गरज नसते.

आणि बदल कायद्यात बसतो का, इन्शुरन्सवाल्याला कळवावं लागतं का, हे तुमच्याकडचे नियम बघून आधीच विचारून घ्या, क्लेमच्या वेळी नाही.

चिखलवाट

ठरलं मग, जुळवलेला स्ट्रट, दीड इंच, टायर आहेत तेच. अप्पर आर्म बजेट बघून. गाडी गॅरेजमधून परत घेताना मी काय काय बघू? मला पाना धरता येतो पण एवढंच.

पाना१९

पाना लागत नाही, टॉर्च पुरे. गॅरेजमध्येच, गाडी लिफ्टवर आणि चाकं लोंबती असताना बघा, घरी आणून नाही.

स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. दोन्ही टोकांना ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसची वायर हाताने हलवून बघा, थोडी तरी सैल पाहिजे. तारेसारखी ताठ लागली तर तिची क्लिप सरकवून घ्या. ड्राइव्ह शाफ्टच्या रबरी बूटच्या घड्या बघा, कुठेही घड्या एकमेकांना घासत असतील तर ते लवकर फाटणार, ग्रीस बाहेर आणि चिखल आत. अप्पर आर्म आणि स्प्रिंगमध्ये बोट फिरवा, कुठे अडकायला नको.

मग सगळ्यात महत्त्वाचं, जे घाईत हमखास राहतं. आर्मच्या बुशचे बोल्ट त्याने कधी फायनल टाइट केले ते विचारा. हवेत लोंबत्या चाकांवर टाइट केले असतील तर रबर त्याच जागी पकडलं जातं, आणि गाडी खाली आली की ते कायम पिळलेलं राहतं, थोड्याच दिवसांत चिरतं. गाडी चाकांवर उभी करून, पूर्ण वजन आल्यावर, टॉर्क रेंचने (जोर मोजणारा पाना) मॅन्युअलच्या आकड्याला टाइट करायचे. करताना समोर उभे राहा आणि टाइट झालेल्या प्रत्येक बोल्टवर नट ते ब्रॅकेट अशी पेंट मार्करने रेघ मारून घ्या. रेघ नंतर तुटक दिसली तर नट फिरलाय.

त्यानंतर अलाइनमेंट, त्याच दिवशी. उचलल्यावर टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली ते) बदलतोच, आणि तसंच चालवलं तर टायर आतून किंवा बाहेरून खायला वेळ लागत नाही. छापील रिपोर्ट मागा आणि त्यात कॅस्टर बघा, तो कमी आला तर वळणानंतर स्टेअरिंग आपसूक सरळ होत नाही, हायवेला हलकं लागतं. अप्पर आर्म लागेल की नाही ते हा आकडाच सांगेल.

शेवटचं, शॉकचा चकचकीत दांडा बाहेरून दिसत असेल तर त्याच्यावर एक प्लॅस्टिकचा केबल टाय हलका बांधा आणि खाली सिलेंडरला टेकवून ठेवा. तुमच्या नेहमीच्या खराब रस्त्यावर एकदा जाऊन या. टाय जिथे जाऊन थांबला असेल तिथपर्यंत शॉक दबला होता. अगदी वर जाऊन चिकटला असेल तर शॉक आतून बसतोय, मग बंप स्टॉप उंच करून घ्यायचा.

डिझेलवास

पेंट मार्करची रेघ चांगली आहे. उद्या माझ्याच गाडीची चाकं लोंबवून बघतो, स्प्रिंगवर घासल्याची खूण दिसली तर फोटो टाकतो इथे. आणि ब्लॉकवाल्याला फोन केला, तो म्हणतो यू बोल्ट दर महिन्याला टाइट करावे लागतात.

पाना१९

दर महिन्याला ढिले होतायत म्हणजे ब्लॉक हलतोय. तोपर्यंत गाडी हायवेला नेऊ नको म्हणावं.